पिल्लांवरचा पहिला हक्क

रविवारी चर्च सुटल्यावर रॉइस टॅकेट येणार होता, म्हणून ग्लेंडा किन्झरनं सकाळीच पिल्लांचे डबे पुसून टेबलावर ओळीनं मांडले होते. नऊ डबे. प्रत्येकात एक आडवी काडी आणि काडीवर वेटोळं घालून बसलेलं अजगराचं पिल्लू, पेन्सिलीएवढं जाड. काही विटकरी, काही पिवळी. मोठेपणी ती हिरवी होणार होती. पण किती हिरवी होतील आणि पाठीवर काळी नक्षी किती उमटेल, हे आज कुणालाच सांगता आलं नसतं. संकरित अजगरांचं असंच असतं. वाट पाहावी लागते.

निवडीचा पहिला हक्क रॉइसचा होता. त्याचा नर उसना आणला होता आणि ज्याचा नर, त्यानं पिल्लांतलं पहिलं उचलायचं, मग घरच्यानं, मग पुन्हा त्यानं, अशी या लोकांची जुनी रीत. रॉइस कुठलं उचलेल हे ग्लेंडानं मनात ताडूनही ठेवलं होतं. कोपऱ्यातलं पिवळंधमक.

रॉइसची जुनी पिकअप आली, पण पायऱ्यांपर्यंत आली नाही. टपालपेटीपाशीच थांबली. तो खाली उतरला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

"अरे, दार उघडंच आहे," ग्लेंडा व्हरांड्यातून म्हणाली.

"नको. इथंच बरा आहे मी."

"का? चर्चमध्ये पापं जास्त निघाली वाटतं आज."

रॉइस हसला नाही. त्यानं बागेतल्या टोमॅटोंची पिशवी आणली होती, ती गाडीच्या नाकावर ठेवली, परत उचलली आणि आत टाकली. "हे पण नाही देत तुला. माझ्या हातचे आहेत."

ग्लेंडा दोन पायऱ्या उतरली.

"थांब तिथंच," तो म्हणाला. "डीकन गेला."

डीकन म्हणजेच तो उसना नर. हिरवा झाडअजगर, शेपटीपर्यंत निव्वळ हिरवा, पाठीवर निळ्या ठिपक्यांची रेघ. रॉइसनं त्याला पिल्लू असल्यापासून वाढवला होता.

"कधी?"

"जूनमध्ये."

"जून? आणि मला आज सांगतोस?"

"आधी वाटलं, सर्दी असेल. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचा. लाळेच्या तारा लोंबायच्या. मग शेजारच्या पेटीतली मादी. मग तिच्या पलीकडची." रॉइसनं टोपी काढून पुन्हा घातली. "चौदातले पाच उरलेत. शेवटी तपासून घेतलं. विषाणू आहे, ग्लेंडा. फुप्फुसांचा. हात, चिमटा, पाण्याचा जग, कशानंही पसरतो. मीच आणला तुझ्या घरात. जानेवारीत डीकनबरोबर."

ग्लेंडानं मागे वळून पाहिलं. तिच्या मागे, जाळीच्या दाराआड, नऊ डबे टेबलावर मांडलेले होते.

"तुझ्याकडं कुणाला काही?"

"एक पिल्लू खात नाहीये. बाकी ठीक आहेत."

"तपासून घे," रॉइस म्हणाला. "आणि मला माफ करू नकोस इतक्यात. घाई नाही."

गाडी मागे घेताना त्यानं टपालपेटीच्या खांबाला धक्का दिला, उतरला, खांब हातानं सरळ केला आणि गेला.

*

या धंद्यात, किंवा वेडात म्हणा, नवा प्राणी घरी आणला की त्याला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण उसना नर कुणी असा वेगळा ठेवत नाही. तो ओळखीच्या घरचा असतो, हंगाम हिवाळ्यातल्या काही आठवड्यांचाच असतो, आणि मित्राकडं तपासणीचा दाखला मागणं म्हणजे जेवायला बोलावून पाहुण्याचं तोंड हुंगण्यासारखं. ग्लेंडानं सबंध नोकरी जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत केली होती. रक्ताच्या नळीला हातमोज्याशिवाय कधी बोट लावलं नव्हतं. तरी डीकन आला त्या दिवशी तिनं त्याला उघड्या हातानं उचलून थेट पिकलच्या पेटीत सोडला होता, आणि ती आणि रॉइस कॉफी प्यायला बसले होते.

पिकल ही पिल्लांची आई. ग्लेंडाच्या नवऱ्यानं, वेंडलनं, वाढवलेली. वेंडलचं अर्धं आयुष्य या एका वंशावळीत गेलं होतं. झाडअजगर दिसायला राजबिंडा, पण नाजूक आणि चावरा. ऑस्ट्रेलियातला कार्पेट अजगर रंगानं मातकट, पण काटक आणि गरीब स्वभावाचा. वेंडलला दोन्हींतलं चांगलं एकत्र हवं होतं. लहान मुलाच्या हातात देता येईल असा हिरवा अजगर. पहिली संकरित मादी मेबल. मेबलची मुलगी पिकल. पिकलला पुन्हा निव्वळ हिरव्या नराशी जोडलं, की तिसऱ्या पिढीत हवं ते निघेल, असा त्याचा हिशेब होता.

रॉइसला हे सगळं अभद्र वाटायचं. "देवानं मध्ये समुद्र ठेवला तो काय उगाच?" तो म्हणायचा. "आणि हा बघा, दोन पेट्यांमधलं सरकतं दारसुद्धा काढतो." वेंडलच्या अजगरांना तो खेचरं म्हणायचा. वेंडल म्हणायचा, "खेचरांना पोरं होत नाहीत, रॉइस." त्यावर रॉइस, "तुझ्यांना होतात, तेच तर दुखणं आहे." प्रदर्शनात दोघांची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी असायची आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ही बोलणी चालायची. पण डीकन मागितला की रॉइसचं उत्तर ठरलेलं. नाही.

मागच्या पानगळीत वेंडल रुग्णालयात अगदी शेवटाला आला असताना त्यानं रॉइसचा हात धरला आणि एकच मागितलं. एक हंगाम डीकन दे. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायला रॉइसची जीभ रेटली नाही.

एप्रिलमध्ये पिकलनं अंडी दिली. बहुतेक लोक अंडी काढून यंत्रात ठेवतात. वेंडल तसं करू द्यायचा नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, अंग थरथरवून ऊब देते, महिना-दीड महिना काही खात नाही. ज्या आईला एवढं कळतं तिच्याकडून अंडी हिसकावायची नाहीत, असं त्याचं मत. ग्लेंडानंही तसंच केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं फुटली ती आईच्याच वेटोळ्यात. पहिला श्वास त्यांनी पिकलच्या तोंडाजवळ घेतला.

हे तिला आत्ता, रिकाम्या अंगणाकडं पाहताना आठवलं.

*

डॉ. मेरिक स्वतः घरी येऊन सगळ्यांच्या तोंडातून बोळा फिरवून नमुने घेऊन गेली. तरुण होती, तिच्या बुटांवर निळी प्लास्टिकची आवरणं होती आणि ती प्रत्येक पिल्लाशी कुजबुजत बोलायची. पुढच्या आठवड्यात फोन आला.

"मिसेस किन्झर, बसला आहात ना?"

"प्रस्तावना नको, डॉक्टर. निकाल सांगा."

"सगळ्यांना आहे."

"नऊच्या नऊ?"

"हो. आणि पिकलला. तिच्यात तर सगळ्यांत जास्त."

"पिकल ठणठणीत आहे. परवाच अख्खा उंदीर गिळला तिनं."

"तेच ना. कार्पेटचं रक्त आहे तिच्यात. असा विषाणू पोटात घेऊन ती पुढची पंधरा वर्षं मजेत काढेल. हिरव्यांना ते जमत नाही." मेरिक थोडी थांबली. "पिल्लांचं सांगता येत नाही. काही जगतील. पण यातलं एकही तुम्हाला विकता येणार नाही, देता येणार नाही, आणि तुमच्या हातून दुसऱ्याच्या पेटीला हात लावता येणार नाही. यांच्या शेवटापर्यंत. किंवा मग मी येते, आणि सगळं एका दुपारी संपवू. त्रास होऊ देणार नाही त्यांना."

"रॉइस म्हणतो, डीकनकडून आलं."

"असेल. पण ते मी छातीठोक सांगणार नाही. कोणाला आहे ते तपासणीतून कळतं. कधीपासून आहे ते नाही कळत. डीकन यायच्या आधीचा तुमच्या घरातला एखादा नमुना असता तर बोलता आलं असतं."

"आधीचा कुठून आणणार," ग्लेंडा म्हणाली. फोन ठेवताना तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

*

बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण रॉइसनं ती स्वतःच पसरवली. ज्या ज्या घरी त्याचा अजगर गेला होता त्या प्रत्येकाला फोन करून त्यानं सांगितलं, की रोग माझ्याकडं आहे, आणि विधवेचं घर मी बुडवलं. लोक ग्लेंडाकडं झाकलेली भांडी घेऊन येऊ लागले. भांडंभर भाजलेले चिकन-नूडल्स, मक्याचा ब्रेड, बटाट्याचं सॅलड. वेंडल गेला तेव्हा आली होती तशीच, काही भांडी तर तीच. पायऱ्यांवर ठेवून, आत न येता, लांबून हात हलवून जायचे.

शुक्रवारी ती गावातल्या खानावळीत कॉफी घेत होती, तेव्हा डेल्बर्ट क्रम समोर येऊन बसला. जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये दर ऑक्टोबरात सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन भरायचं, ते डेल्बर्ट भरवायचा.

"चेरी भरलेली गोड पाय घे. माझ्याकडून," तो म्हणाला. "तू रोड झालीस."

"तुझ्याकडून? मग जगबुडी जवळ आली."

"रॉइसला मी टेबल नाही म्हणून सांगितलं," डेल्बर्ट म्हणाला. "नुसतं या वर्षी नाही. कधीच नाही. पिंपभर ब्लीचनं आंघोळ करून आला तरी नाही."

"त्यानं स्वतःहून सांगितलं, डेल्बर्ट. किती जण सांगतील?"

"सांगितलं कधी? आठ-नऊ मेल्यावर. आयुष्यभर आमच्या अजगरांना नावं ठेवली. हे खेचर, ते भेसळ. आणि घाण निघाली कुठं? राजवाड्यात." त्यानं कॉफीत साखर ओतली. "ऐक. यंदा दाराशीच एक कोपरा ठेवतोय मी. वेंडलच्या नावाचा. त्याचे फोटो लाव, मेबलचा, पिकलचा. माणसानं काय उभं केलं होतं आणि काय गेलं, ते लोकांना दिसू दे. फलक मी करून घेतो."

चेरीची पाय बशीत आली. ग्लेंडानं ती सगळी खाल्ली. चांगली होती. वेंडलचं नाव हॉलच्या दाराशी लागणार या विचारानं तिला बरं वाटलं, आणि ते वाटणं तिनं घरापर्यंत जपून नेलं.

*

रात्रीपर्यंत उंदीर वितळायला हवा म्हणून दुपारी ती तळघरात गेली. तळघरातला मोठा फ्रीझर वेंडलनं लावून दिला होता तसाच होता. वरच्या टोपलीत उंदीर, मापाप्रमाणे. खाली रॉइसनं दर हिवाळ्यात दिलेलं हरणाचं मटण. मटण संपत आलं होतं. शेवटचा पुडा उचलला तेव्हा त्याखाली ब्रेडची पिशवी दिसली. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्यात, वरून पट्टी गुंडाळलेली. पट्टीवर वेंडलच्या अक्षरात "मेबल" आणि त्याखाली महिना आणि साल. गेल्या वर्षीचा मार्च. डीकन यायच्या दहा महिने आधीचा.

ग्लेंडा फ्रीझरचं झाकण धरून उभी राहिली.

मेबल गेली तेव्हा वेंडल म्हणाला होता, म्हातारी झाली होती. तिनं विचारलं नव्हतं. त्यांच्या घरात मेलेला प्रत्येक अजगर मागच्या अक्रोडाखाली पुरलेला होता, वेंडल खड्डा खोल करायचा, वर चपटा दगड ठेवायचा. हिवाळ्यात जमीन दगडासारखी झाली तर काही आठवडे फ्रीझरमध्ये, मग वसंतात खड्डा. पण त्या वर्षी मार्चमध्येच जमीन मऊ झाली होती. तिनं स्वतः वाटाणे पेरले होते. वसंत गेला, उन्हाळा गेला, वेंडलचं पोट दुखायला लागायच्या आधीचे कितीतरी शनिवार गेले, आणि मेबल इथं राहिली. तीन पिशव्यांत.

आणि चिमटे. त्याच महिन्यात वेंडलनं नवे चिमटे आणले होते, प्रत्येक पेटीला वेगळा, प्रत्येकाच्या दांड्याला वेगळ्या रंगाची पट्टी. "शिस्त लागली का रे म्हातारपणी?" तिनं चेष्टा केली होती. तो म्हणाला होता, "लॅबवालीशी लग्न केलंय, कधीतरी लागणारच." ती हसली होती. त्या वेळी त्यानं तिच्याकडं पाहिलं नव्हतं, हेही तिला आता आठवलं. पण असं मागाहून आठवलेलं कितपत खरं धरायचं, हे तिला ठरवता येईना.

प्रयोगशाळेत तिनं नव्या मुलींना एकच गोष्ट शिकवली होती. नमुना हातात असताना अंदाज लिहायचा नाही.

तिनं पिशवी परत ठेवली, वर मटण ठेवलं आणि झाकण लावलं.

तीन दिवस तिनं काही केलं नाही. वेंडलचे फोटो काढून टेबलावर पसरले. न खाणाऱ्या पिल्लाला भरवायचा प्रयत्न केला. इवल्याशा उंदराचं तोंड चिमट्यानं पिल्लाच्या ओठाशी धरून हलकेच थरथरवायचं, तास तास. पिल्लानं तोंड उघडलं. तिला वाटलं, घेतंय. ते तसंच उघडं राहिलं. आत लाळेची एक पातळ तार होती.

मंगळवारी कचऱ्याची गाडी यायची. त्या सकाळी ती तळघरात गेली, पिशवी आणली आणि मोठ्या पिंपात टाकली. वर कॉफीचा चोथा, वर्तमानपत्रं. पिंप ओढत टपालपेटीपाशी नेलं. रॉइसनं सरळ केलेला खांब पुन्हा थोडा कलला होता. ती घरात येऊन सिंकपाशी उभी राहिली. आता काही उरलं नाही. डीकन आला, रोग आला, असं रॉइस स्वतःच म्हणत होता. ते त्याच्या तोंडात ग्लेंडानं घातलेलं नव्हतं. वेंडल मेलेला होता, त्याला उत्तर देता येणार नव्हतं. मेलेल्या माणसावर निव्वळ एका पिशवीवरून आळ घ्यायचा?

गाडी वळणावर आली. शेजारच्या घरापाशी थांबली, तिचा लोखंडी हात खाली आला, पिंप उचललं, आपटलं, ठेवलं.

ग्लेंडा सपाता घालूनच धावली. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि वाट पाहिली, कारण एक साठीची बाई पिंपात कमरेपर्यंत वाकून वर्तमानपत्रं बाहेर फेकत होती.

"कवळी पडली का, मॅडम?"

"नाही," ग्लेंडा म्हणाली. पिशवी छातीशी धरून ती बाजूला झाली. "जा तुम्ही. उचला."

*

"गोठलेल्या फुप्फुसातही विषाणू सापडतो," मेबलची पिशवी तपासायला घेतानाच डॉ. मेरिकनं सांगितलं होतं, आणि सापडला. या वेळी तिनं फोन केला नाही, दवाखाना बंद झाल्यावर बोलावलं.

"तुमच्या घरात तो आधीपासूनच होता," ती म्हणाली. "मेबलकडून पिकलला. पिकलकडून डीकनला. डीकन घेऊन गेला, आणला नाही त्यानं." मग तिनं हात पुसत म्हटलं, "मिसेस किन्झर, हे मी कुणाला सांगायला बांधलेली नाही. तुम्हीही नाही. टॅकेटांच्या अजगरांना आता त्यानं काही फरक पडत नाही."

"किती उरलेत त्याचे?"

"दोन. उद्या ते त्यांना घेऊन येणार आहेत माझ्याकडं, संपवायला."

*

रॉइसच्या घराचं मागचं दार उघडं होतं आणि ब्लीचचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. तो गुडघ्यांवर बसून एक पेटी घासत होता. घासून झालेल्या पेट्या भिंतीला रांगेनं लावल्या होत्या, दारं उघडी, आतल्या फांद्या काढलेल्या. कोपऱ्यातल्या दोन पेट्यांत दिवा होता. त्यातली एक मादी फांदीवर नव्हती, खाली तळाला पडली होती, मान उंच धरून, तोंड उघडं. तिच्या श्वासाचा आवाज खोलीत ऐकू येत होता, ओल्या कागदातून फुंकल्यासारखा.

"तू आत कशाला आलीस?" रॉइस म्हणाला.

"मला आता काय होणार आहे आत आल्यानं?"

"ते पण खरं." त्यानं ब्रश बादलीत टाकला. "डेल्बर्टनं फलक केलाय म्हणे. वेंडलच्या नावाचा."

"रॉइस, मेबल फ्रीझरमध्ये होती."

तो पाहत राहिला.

"मेबल गेली ती गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. वेंडलनं पुरली नव्हती, ठेवली होती. मी ती तपासून घेतली. तिला होता. डीकनच्या आधीपासून आमच्याकडं होता." ती उभीच होती. बोलायचं तेवढं गाडीत ठरवून आली होती, तरी मध्ये थांबावं लागलं. "तुझ्याकडून नाही आला. आमच्याकडून तुझ्याकडं गेला."

रॉइस गुडघ्यांवरून उठला नाही. मादीच्या श्वासाचा आवाज येत होता.

"त्याला माहीत होतं?" शेवटी तो म्हणाला.

याचंही उत्तर तिनं गाडीत ठरवलं होतं. माहीत नाही, असं. ते खोटंही नव्हतं.

"तपासलं नव्हतं त्यानं," ती म्हणाली. "पण शंका होती. मेबल गेल्यावर त्यानं प्रत्येकाला वेगळा चिमटा आणला. मला काही बोलला नाही."

"माझा हात धरला होता त्यानं," रॉइस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तिकडं, रुग्णालयात. नळ्या लावलेला हात. मी म्हटलं, अरे, डीकन काय, सगळे ने. रडलो मी त्या दिवशी. गाडीत बसून रडलो."

"मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे." त्यानं ब्रश पुन्हा उचलला. "तू कशाला सांगितलंस, ग्लेंडा? माझे तर मेलेच. आता मित्र पण गेला. तेवढा तरी राहू द्यायचा होता."

तो घासायला लागला. थोड्या वेळानं तिच्याकडं न बघता म्हणाला, "जा तू आता," आणि ती गेली.

घरी आल्यावर तिनं डेल्बर्टला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फलक छापून झालाय," जणू त्यावर काही उपाय निघेल. मग म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवसापासून भांडी येणं बंद झालं. जी आली होती ती तिनं धुऊन, उकळून व्हरांड्यात ठेवली. न्यायला कुणी आलं नाही.

*

प्रदर्शनाच्या शनिवारी सकाळी हिम भुरभुरलं, ऑक्टोबर असूनही. ग्लेंडा पिल्लांना पाणी फवारत होती. न खाणारं पिल्लू आठवड्यापूर्वी गेलं होतं. अक्रोडाखाली, चपट्या दगडाखाली. उरली आठ. तिनं मेरिकला बोलावलं नव्हतं. स्वतः जिवंत असेपर्यंत ती पिल्लांना सांभाळणार होती, आणि तिच्यानंतर मेरिक येणार होती, एका दुपारी. तसं दोघींचं बोलणं झालं होतं.

पिकअप या वेळी पायऱ्यांपर्यंत आली. रॉइस दारातून आत आला, बूट पुसले, टोपी काढली नाही.

"प्रदर्शनाला नाही गेलास?" हा प्रश्न मूर्खपणाचा आहे हे तिला विचारतानाच कळलं.

"आपल्या दोघांनाही डेल्बर्टनं नको म्हटलंय ना." तो डब्यांपाशी गेला. "माझी पहिली निवड बाकी आहे."

तिला क्षणभर समजलं नाही.

"माझा नर होता," रॉइस म्हणाला. "पहिलं मी उचलायचं. का आता तुमच्यात ती रीत पण राहिली नाही?"

"आजारी आहेत रे सगळी. आणि खेचरं आहेत."

"आहेत ना. माझ्या घरात आता रोग लागायला कुणी नाही आणि दुसऱ्याला द्यायलाही कुणी नाही. चौदा पेट्या रिकाम्या आहेत. सकाळी उठतो आणि दिवे लावतो. रिकाम्या पेट्यांचे." तो वाकून एकेक डबा पाहू लागला, प्रदर्शनात पाहायचा तसा, जीभ गालात धरून. पिवळ्याधमकवरून त्याची नजर पुढं गेली. शेवटून दुसऱ्या डब्यात एक विटकरी पिल्लू होतं, डोक्यावर दोन हिरवे खवले उगवलेले. त्यानं टोपण काढलं. पिल्लू बोटावर चढलं. चावलं नाही.

"डीकनचं नाक आहे याला," रॉइस म्हणाला.

"हो."

"वेंडलबद्दल माझ्यासमोर बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. कधीच."

"बरं."

"आणि मी कॉफी घेणार नाही."

तिनं डब्याला उबदार कापड गुंडाळून दिलं. मग भिंतीवरच्या खिळ्यांवरून त्या पिल्लाचा चिमटा काढला, दांड्याला निळी पट्टी असलेला. "हाही घेऊन जा. याचा वेगळा आहे."

रॉइसनं चिमटा हातात घेतला आणि पट्टीवरून अंगठा फिरवला.

"आता वेगळा कशाला?" तो म्हणाला, आणि चिमटा टेबलावर ठेवून, डबा कोटाच्या आत धरून हिमातून गाडीकडं गेला.

ती दारात उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मग आत आली. रोज सकाळी ती प्रत्येक चिमटा वेगळ्या पाण्यात उकळत असे. आजही चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. तिनं भिंतीवरचे सगळे चिमटे काढले, टेबलावरचा घेतला, आणि ते सगळे एकाच पातेल्यात टाकले.